वाटणी: नाकतोड्याच्या गुणसूत्रांच्या चित्रसंग्रहाची प्रस्तावना

या संग्रहातली छायाचित्रे ज्या स्लाइडवरून घेतली, त्या आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एका लाकडी पेटीत वर्षानुवर्षे होत्या. बहुतेक मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या आहेत. काही माझ्याही आधीच्या शिक्षकांच्या हातच्या आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवरची शाई उडाली, पण काचेखालच्या पेशींचा रंग अजून टिकून आहे. सगळ्या स्लाइड एकाच प्राण्याच्या आहेत: रुईच्या झुडपावर राहणारा, पिवळ्या आणि निळसर-हिरव्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा. शास्त्रीय नाव पोइकिलोसेरस पिक्टस. एसटीच्या थांब्यामागे, पडीक रानात, रेल्वेच्या रुळांलगत, जिथे रुई वाढते तिथे तो सापडतो. रुईचा विषारी चीक पचवून तो स्वतःच कडू होतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि म्हणून तो पळायची घाई करत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती तो सहज लागतो, याचे हे एक कारण.

अर्धगुणसूत्री विभाजन मी विद्यार्थी असताना शिकलो ते तक्त्यावरून. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस ही नावे मला पाढ्यांसारखी पाठ होती. प्रत्येक अवस्थेची आकृती मी सुबक काढत असे आणि मला चांगले गुणही मिळत. पेशीत त्या वेळी खरोखर काय चाललेले असते, हे मात्र मला शिक्षक झाल्यावर कळले. एका सप्टेंबरात मी स्वतः केलेली पहिली बरी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळा लावला. समोर नऊ जोड्या होत्या. कुणी कडीसारखी, कुणी फुलीसारखी. बाजूला, सगळ्यांपासून सुटा, एक गडद ठिपका होता. त्याला जोडीदार नव्हता. तक्त्यात तो कुणी काढलेला नव्हता, कारण तक्ता कुठल्याच खऱ्या प्राण्याचा नव्हता.

त्या दिवसापासून मी हा विषय अवस्थांची यादी म्हणून शिकवणे सोडले. गुणसूत्रे काहीतरी करत असतात. ती एकमेकांना शोधतात, जुळतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, धरून ठेवतात आणि मग सोडून देतात. आनुवंशिकतेचे नियम म्हणून आपण जे शिकतो, ते या वर्तनाचे परिणाम आहेत. नाकतोड्याच्या पेशीत हे वर्तन साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपने दिसते, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला ते एकदा तरी दिसायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न मुळात वाटणीचा आहे. बहुतेक प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक बापाकडून आलेला, एक आईकडून. शुक्राणूत किंवा अंड्यात मात्र एकच संच जायला हवा, नाहीतर दर पिढीला गुणसूत्रे दुप्पट होत जातील. नुसती निम्मी संख्या करूनही भागत नाही. प्रत्येक प्रकारचे एक, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही, असा पूर्ण संच जायला हवा. शेतीची वाटणी करताना आधी सगळे सातबारे समोर मांडावे लागतात, कोणता तुकडा कोणत्या तुकड्याच्या तोडीचा ते ठरवावे लागते, तसे पेशीलाही आधी समजात गुणसूत्रे शेजारी आणून बसवावी लागतात. वाटणीसाठी आधी जोडणी, हा या विभाजनाचा गाभा आहे.

मग नाकतोडाच का? पहिले कारण आकार. टोळ आणि नाकतोडे यांच्या पेशीत डीएनए फार असतो. स्थलांतरी टोळाच्या एका संचात सुमारे 650 कोटी अक्षरे आहेत. 2020 च्या मे महिन्यात विदर्भात, अमरावती आणि नागपूरकडे उतरलेल्या वाळवंटी टोळाच्या संचात ती सुमारे 880 कोटी आहेत. माणसाच्या संचात साधारण 300 कोटी. आता संख्या पाहा. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, या टोळाच्या नराच्या पेशीत 23. म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट मजकूर निम्म्याच खंडांत बांधलेला. प्रत्येक खंड जाडजूड होणारच. माणसाची गुणसूत्रे जिथे ठिपक्यांसारखी भासतात, तिथे नाकतोड्याची काड्यांसारखी स्पष्ट दिसतात.

दुसरे कारण मला अधिक प्रिय आहे. नर नाकतोड्याच्या पोटात, पाठीच्या बाजूला, पिवळ्या चरबीत गुंडाळलेले वृषण असते. सुईने चरबी बाजूला केली की केळ्याच्या घडासारख्या लागलेल्या बारीक पांढऱ्या नळ्या दिसतात. प्रत्येक नळीच्या बंद टोकाला कोवळ्या पेशी असतात आणि दुसऱ्या टोकाकडे शेपट्या फुटलेले शुक्राणू. मधल्या भागात विभाजनाच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने मांडलेल्या असतात. शिवाय पेशी गटागटाने राहतात आणि एका गटातल्या सगळ्या पेशी बरोबरीने पुढे सरकतात. एक पेशी नीट कळली नाही, तर तिच्या शेजारणीकडे पाहावे. वेळेने घडणारी गोष्ट इथे जागेत पसरून ठेवलेली आहे. ती तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाकली की त्या क्षणी थांबते. मग एक नळी काचेवर घ्यायची, अ‍ॅसिटोकार्माइनचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची, वर टीपकागद धरायचा आणि अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. अंगठा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळी मेहनत फुकट जाते. हा दाब सांगून शिकवता येत नाही. दहा स्लाइड बिघडल्यावर अकरावी जमते.

तिसरे कारण तो एकटा ठिपका. त्याची गोष्ट सांगायची तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जावे लागेल.

वॉल्टर सटन हा कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. 1899 च्या उन्हाळ्यात तो घरच्या गव्हाच्या काढणीत गुंतला होता. त्या शेतांत ब्रॅकिस्टोला मॅग्ना नावाचा मोठा, जड, उडता न येणारा नाकतोडा असे. सटनने तो गोळा केला आणि त्याच्या वृषणातल्या पेशी किती मोठ्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले. कॅन्सस विद्यापीठात त्याचे शिक्षक होते क्लॅरेन्स मॅक्लंग, आणि ते याच पेशींच्या मागे होते. पुढे सटन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडमंड विल्सन यांच्याकडे गेला, पण सोबत काम नेले ते या नाकतोड्याचेच.

सटनने काय केले, तर मोजले. पेशीमागून पेशी घेऊन गुणसूत्रे कागदावर उतरवली आणि त्यांच्या लांबीची तुलना केली. 22 साधी गुणसूत्रे आणि एक वेगळे, एकूण 23. त्या 22 मध्ये सहा लहान, सोळा मोठी. लांबीच्या क्रमाने लावली की ती दोन-दोन अशी जुळत. विभाजनाच्या वेळी तीच जोडीने एकत्र येत आणि मग एकमेकांपासून दूर जात. प्रत्येक पिढीत, प्रत्येक पेशीत तोच लांबीचा क्रम पुन्हा दिसे. म्हणजे ही काही पेशीतल्या रंगीत द्रव्याची आपोआप झालेली गोळाबेरीज नव्हती. प्रत्येक गुणसूत्राला स्वतःची ओळख होती.

मेंडेलचे वाटाण्यांवरचे काम 1900 साली पुन्हा उजेडात आले होते. मेंडेलने म्हटले होते की गुणाचे दोन घटक असतात आणि बीजपेशी तयार होताना ते वेगळे होतात. ते घटक कुठे असतात हे त्याला माहीत नव्हते. सटनने 1902 च्या आपल्या निबंधाच्या अखेरीस सुचवले की बापाकडचे आणि आईकडचे गुणसूत्र जोडीने येऊन वेगळे होते, तोच मेंडेलच्या नियमाचा भौतिक पाया असू शकेल. 1903 मध्ये त्याने हा विचार सविस्तर मांडला. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्याच सुमारास जर्मनीत थिओडोर बोवेरी समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करून त्याच निष्कर्षाकडे येत होते. म्हणून या सिद्धान्ताला दोघांचे नाव लागते. सटन मात्र पुढे शल्यचिकित्सक झाला आणि 1916 साली, 39 व्या वर्षी, अपेंडिक्स फुटून गेला. गुणसूत्रांवरचे त्याचे महत्त्वाचे काम तीन-चार वर्षांचे आहे.

एक चूक मात्र त्याच्या हातून झाली, आणि ती मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. मादीच्या पेशींत त्याने 22 गुणसूत्रे मोजली. मादीच्या पेशी मिळवणे आणि त्यांत मोजणे अवघड असते. त्याच्या या मोजणीमुळे मॅक्लंग यांना वाटले की ते एकटे, जादा गुणसूत्र फक्त नरात असते, म्हणजे ते पेशीला नर बनवत असणार. हे गुणसूत्र लिंग ठरवते, हा त्यांचा विचार मोलाचा होता, पण दिशा उलटी होती. मादीत 24 गुणसूत्रे असतात, कारण त्या एकट्याची तिच्याकडे जोडी असते. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स आणि विल्सन यांनी इतर कीटकांवर केलेल्या कामाने हे चित्र सरळ झाले. आज आपण त्या गुणसूत्राला एक्स म्हणतो. नाकतोड्याच्या नरात एक एक्स असतो, वाय नसतोच. त्याचे निम्मे शुक्राणू एक्स घेऊन जातात, निम्मे एक्सविना. ज्या डोळ्यांनी अकरा जोड्या अचूक ओळखल्या, त्यांच्याच नजरेतून मादीतली दोन गुणसूत्रे निसटली. स्लाइडवर जे मोजले, ते पुन्हा मोजायला हवे.

आता ज्या नावासाठी मला ही प्रस्तावना थोडी लांबवायची आहे, ते नाव एलिनॉर कॅरोथर्स. त्याही कॅन्ससच्या आणि मॅक्लंग यांच्याच विद्यार्थिनी. मेंडेलचा दुसरा नियम सांगतो की एका जोडीचे घटक कुठे जातात, याचा दुसऱ्या जोडीच्या घटकांशी संबंध नसतो. सटनने हे गृहीत धरले होते, पण पेशीत ते पाहणार कसे? दोन्ही जोडीदार एकसारखे दिसतात, मग कोण कुठे गेला हे कळायचे कसे? कॅरोथर्स यांना नाकतोड्यांत एक अशी जोडी सापडली की जिचे दोन जोडीदार आकाराने वेगळे होते, एक मोठा, एक लहान. आणि एक्स तर एकटाच असतो, तो कोणत्या टोकाला गेला हे लगेच दिसते. मग त्यांनी मोजले: एक्स ज्या बाजूला जातो, त्या बाजूला जोडीतला लहान जातो की मोठा? 300 पेशींत हे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे आले. 1913 साली प्रसिद्ध झालेला हा निबंध. मेंडेलचा नियम त्यांनी एका पेशीत, प्रत्यक्ष डोळ्यांनी घडताना दाखवला. आपल्या पाठ्यपुस्तकांत सटन आणि बोवेरी यांना दोन ओळी मिळतात, कॅरोथर्स यांना एकही मिळत नाही. हे मला खटकते. सटनने अंदाज केला होता, पुरावा या बाईंनी दिला.

रुईवरच्या नाकतोड्याचाच हिशेब मांडून पाहा. नराच्या पेशीत 19 गुणसूत्रे: नऊ जोड्या आणि एक एक्स. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे उभी राहते, त्यामुळे नुसत्या जोड्यांच्या मांडणीचे 512 प्रकार होतात. एक्स धरला तर 1024. एवढ्या तऱ्हेचे शुक्राणू, आणि अजून आपण अदलाबदल मोजलेलीच नाही.

ती अदलाबदल या संग्रहातल्या सहा ते अकरा क्रमांकाच्या छायाचित्रांत आहे. जुळलेली गुणसूत्रे डिप्लोटीन अवस्थेत एकमेकांपासून दूर व्हायला लागतात, पण काही ठिकाणी अडकून राहतात. त्या जागेला कायझ्मा म्हणतात. एक कायझ्मा असेल तर जोडी फुलीसारखी किंवा लांब काडीसारखी दिसते. दोन असतील तर कडी होते. बेल्जियमचे फ्रान्स यान्सेन्स यांनी 1909 मध्ये म्हटले की तिथे दोन अर्धगुणसूत्रे तुटून आडवी जुळलेली असतात. अनेकांना ते पटले नाही. नुसती एकावर एक पडून अशी फुली दिसणार नाही कशावरून? हा वाद पुढे बराच काळ चालला. 1978 मध्ये टीझ आणि जोन्स या ब्रिटिश संशोधकांनी स्थलांतरी टोळावर एक देखणा प्रयोग केला. रासायनिक खुणेने त्यांनी एका गुणसूत्राच्या दोन अर्धगुणसूत्रांपैकी एक गडद आणि एक फिकट रंगेल अशी सोय केली. मग कायझ्मापाशी पाहिले, तर गडद रेघ नेमकी तिथेच थांबून फिकट सुरू होत होती. तुकड्यांची अदलाबदल कायझ्माच्या जागीच झाली होती. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खूप वेळ पुस्तक बंद करू शकलो नव्हतो.

कायझ्माचे दुसरे काम अदलाबदलीइतकेच मोठे आहे: ते जोडीला धरून ठेवते. जोडीच्या दोन्ही गुणसूत्रबिंदूंना पेशीच्या दोन विरुद्ध टोकांकडून तुर्कतंतू ओढत असतात. मधे कायझ्मा आहे म्हणून जोडी सुटत नाही, ताणली जाते. हा ताणच पेशीला सांगतो की मांडणी बरोबर आहे. हे कसे कळले, तेही नाकतोड्यावरूनच. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात ब्रूस निकलस यांनी जिवंत शुक्रपेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई घालून एखादे गुणसूत्र तंतूंपासून सोडवले, फिरवले आणि परत सोडून दिले. दोन्ही गुणसूत्रबिंदू एकाच टोकाला जोडले गेले, तर ती चुकीची जोडणी टिकत नसे. गुणसूत्र सुटून पुन्हा प्रयत्न करे. पण सुईने दुसरीकडून हलकेच ओढून धरले, तर तीच चुकीची जोडणी टिकून राही. म्हणजे बरोबर-चूक कळते ते ताणावरून. हा प्रयोग 1969 चा. 1983 मध्ये निकलस यांनी सरकणारे गुणसूत्र सुईने अडवून बळही मोजले. ते थांबवायला सुमारे 700 पिकोन्यूटन बळ लागते. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग, म्हणून हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पेशीतल्या द्रवातून गुणसूत्र सरकवायला जेवढे बळ पुरते, त्याच्या हे जवळजवळ दहा हजार पट आहे.

ही वाटणी चुकते तेव्हा काय होते, हे आपल्या घरांतही दिसते. माणसात एकविसाव्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जास्त आले की डाउन सिंड्रोम होतो, आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ बीजपेशीच्या अशाच एका विभाजनात असते. नाकतोड्यावर घालवलेली वर्षे कशासाठी, असे कुणी विचारले तर मी हे उत्तर देतो. मात्र मला स्वतःला या उत्तराची गरज कधी भासली नाही.

सगळ्या नाकतोड्यांत 23 गुणसूत्रे नसतात, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. युरोपातल्या गवताळ माळांवरच्या कोर्थिपस जातींत नराची गुणसूत्रे 17 असतात, पण त्यांतल्या तीन जोड्या दोन बाहूंच्या असतात. मूळच्या सहा जोड्या दोन-दोन जुळून त्या तीन झाल्या. तीन जोड्यांचे बाहू दुप्पट धरा, उरलेल्या पाच जोड्या मिळवा, पुन्हा अकरा भरतात. मजकूर तोच, फक्त बांधणी बदलली.

आपल्याकडे हा विषय उशिरा आला असे म्हणता येणार नाही. 1930 च्या दशकात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातले जे. जे. असाना आणि जपानच्या होक्काइडोचे साजिरो माकिनो यांनी मिळून भारतीय कीटकांच्या गुणसूत्रांवर काम केले. पुढे बंगालमध्ये एस. पी. रायचौधुरी आणि जी. के. मन्ना यांनी नाकतोड्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास दीर्घकाळ चालवला. रुईवरचा नाकतोडा आपल्या प्रयोगशाळांत रुळला तो अशा कामांच्या परंपरेतून.

2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतली विच्छेदने थांबवण्याचा निर्देश दिला. प्राण्यांचा विनाकारण जीव जाऊ नये, हे मला मान्य आहे. आमच्या वर्गात एका नाकतोड्यावर पंचवीस विद्यार्थी काम करत, तरी तेवढ्यावरही विचार व्हावा हे योग्यच. आता अर्धगुणसूत्री विभाजन बहुतेक ठिकाणी कांद्याच्या कळ्यांतल्या परागकोशांवर शिकवले जाते. कांद्याची गुणसूत्रेही मोठी आणि सुंदर दिसतात. पण कांद्याच्या पेशीत तो एकटा एक्स नाही, आणि त्याच्याविना कॅरोथर्स यांचे काम समजावून सांगता येत नाही. म्हणून जुन्या स्लाइडची छायाचित्रे काढून ठेवावीत, असे ठरले. नवा नाकतोडा न मारता प्रत्येक विद्यार्थ्याला या पेशी पाहता याव्यात, एवढा हेतू आहे.

छायाचित्रे नळीतल्या क्रमाने लावली आहेत, कोवळ्या पेशींपासून शुक्राणूंपर्यंत. प्रत्येकाखाली फक्त अवस्थेचे नाव आणि मोठेपणाचे प्रमाण दिले आहे. बाण आणि अक्षरे मी मुद्दाम घातली नाहीत. वाचकाने आधी स्वतः शोधावे, पेन्सिलीने कागदावर उतरवावे आणि मग शेवटच्या पानावरच्या आकृत्यांशी ताडून पाहावे. काही छायाचित्रांत पेशी फाटलेली आहे, काहींत दोन पेशी एकमेकींवर आल्या आहेत. ती मी वगळली नाहीत, कारण प्रत्यक्ष स्लाइड अशीच असते.

आणि एक विनंती शिक्षक मित्रांना. आपल्या विभागाच्या कपाटात अशा जुन्या स्लाइड असतील, तर जागा मोकळी करताना त्या टाकून देऊ नका. धूळ पुसा, एकदा मायक्रोस्कोपखाली ठेवा, छायाचित्र काढून घ्या, चिठ्ठीवरचे नाव आणि साल वहीत उतरवून ठेवा. मग विद्यार्थ्याला बोलवा आणि जोड्या मोजायला सांगा. नऊ भरल्या की बाजूला पाहायला सांगा.